शेजारी देशांतून येणारा माल आणि देशजोखमीचा विचार

रोजच्या जेवणातील वरण, इडलीचे पीठ, पापड, फोडणीतील हिंग ह्या वस्तू आपण गावच्या दुकानातून आणतो. त्यांचा परदेशाशी काही संबंध असेल, असे सहसा मनात येत नाही. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. देशात तूर व उडीद कमी पिकले की तूट भरून काढण्यासाठी म्यानमारमधून, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशातून, मोठ्या प्रमाणावर माल येतो. हिंगाचा कच्चा डिंक अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून येतो. गोव्यातील व हैदराबाद परिसरातील औषधांच्या कारखान्यांना लागणाऱ्या मूळ रसायनांचा बराच भाग चीनमधून येतो.

असा माल घेताना खरेदीदार सामान्यतः तीन गोष्टी पाहतो : भाव, प्रत आणि देणाऱ्याची सचोटी. ह्या तीनही गोष्टी समाधानकारक असूनही माल वेळेवर न मिळण्याचे प्रसंग गेल्या काही वर्षांत वारंवार आले. त्यांत व्यापाऱ्याचा दोष नव्हता. त्याच्या देशात राज्यक्रांती झाली, चलन कोसळले, सीमेवरचा नाका बंद पडला किंवा एका रात्रीत सरकारी आदेश निघाला. व्यापारी बदलून टळत नाही अशी जी हानी केवळ देशाच्या परिस्थितीमुळे संभवते, तिला देशजोखीम असे म्हणतात.

हा विषय केवळ मोठ्या आयातदारांचा आहे असे समजू नये. इंदूरची डाळ गिरणी, बेळगावचा पापड गृहोद्योग, शाळांतील मध्यान्ह भोजनासाठी डाळ खरेदी करणारा अधिकारी आणि गावची सहकारी संस्था ह्या सर्वांपर्यंत त्या जोखमीची झळ पोचते. म्हणून ती तोलावी कशी, ह्याची एक साधी पद्धत ह्या लेखात मांडली आहे.

ब्रह्मदेशाचा उडीद व तूर

प्रथम एक उदाहरण नीट समजून घेऊ. म्यानमारच्या मध्य व दक्षिण भागांत भाताचे पीक निघाल्यावर उडीद घेतला जातो. तो साधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो. तेथील तुरीला आपल्या बाजारात 'लेमन तूर' म्हणतात. विशेष असे की म्यानमारच्या लोकांच्या आहारात उडदाला फारसे स्थान नाही. ते पीक मुख्यतः भारतासाठीच घेतले जाते. यांगूनच्या बंदरातून हा माल चेन्नई व मुंबईकडे येतो आणि तेथून देशातील गिरण्यांकडे जातो.

दोन्ही देशांना सोयीचा असा हा व्यवहार आहे. अंतर कमी, भाडे माफक आणि आपल्याला हवा तोच माल. जून २०२१ मध्ये दोन्ही सरकारांनी एक सामंजस्य करार केला. त्यान्वये २०२१-२२ ते २०२५-२६ ह्या पाच आर्थिक वर्षांत दरवर्षी अडीच लाख टन उडीद व एक लाख टन तूर खाजगी व्यापाराच्या मार्गाने भारतात यावी असे ठरले.

परंतु ह्या कराराच्या चारच महिने आधी, १ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली होती. कर्मचाऱ्यांनी कामावर बहिष्कार घातला, बँका बंद राहिल्या, रोख पैसा मिळेना. हे सर्व नेमके सुगीच्या दिवसांत घडले. त्यानंतरचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सत्तांतरापूर्वी एका डॉलरला सुमारे १,३३० क्यात मिळत असत. ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारी दर २,१०० ठरला, आणि २०२४ मध्ये खुल्या बाजारातील दर ४,००० च्याही वर गेला. एप्रिल २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेने परकीय चलन सक्तीने क्यातमध्ये बदलून घेण्याचा आदेश काढला. निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला डॉलर मिळत, पण ते सरकारी दराने सोडावे लागत. त्यामुळे त्याचा हिशेबच बदलून गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये काळ्या पैशाविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्तीय कृतिदलाने म्यानमारला अत्यंत जोखमीच्या देशांच्या यादीत घातले, तेव्हा पैसे पाठविताना बँकांकडून होणारी तपासणी अधिक कडक झाली. २८ मार्च २०२५ रोजी सगाईंग-मंडाले भागात ७.७ रिश्टरचा भूकंप झाला. मंडाले हे कडधान्यांच्या व्यापाराचे मोठे केंद्र आहे.

एवढे होऊनही उडीद व तूर येतच राहिली, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. शेतकऱ्याला पीक विकायचे होते आणि त्याला भारतासारखे दुसरे गिऱ्हाईक नव्हते. दोन्ही देशांनी वाट काढली. जानेवारी २०२४ मध्ये डॉलरच्या मध्यस्थीशिवाय रुपया व क्यात ह्यांत थेट देवघेव करण्याची व्यवस्था पंजाब नॅशनल बँकेमार्फत सुरू झाली. ह्यावरून पहिला धडा मिळतो. देशात जोखीम आहे म्हणजे तेथून माल घेऊच नये, असा अर्थ होत नाही. माल येईल, पण तो कधी उशिरा येईल, कधी महाग पडेल, आणि कधी पैसे पोचविण्याची वाट बदलावी लागेल. ह्याची पूर्वतयारी ज्याच्याजवळ असेल त्याने तो व्यवहार निर्धास्तपणे करावा.

विचारावयाचे पाच प्रश्न

वरील उदाहरणातून देशाची पारख करण्यासाठी पाच प्रश्न निघतात.

पहिला प्रश्न राज्यव्यवस्थेचा. सरकार स्थिर आहे काय? सत्ता बदलली तरी बंदरे, बँका व कचेऱ्या चालू राहतील काय? सरकार बदलणे ही स्वतः आपत्ती नव्हे; बदलाबरोबर व्यवहार थांबणे ही आपत्ती होय.

दुसरा प्रश्न चलनाचा. हुंडणावळ किती हलते? पैसे पाठविण्याची वाट खुली आहे काय? ह्या बाबतीत शेजाऱ्याशेजाऱ्यांत मोठे अंतर आहे. भूतानचे ङुल्त्रुम भारतीय रुपयाच्या बरोबरीने चालते. नेपाळचा रुपया १९९३ पासून एका भारतीय रुपयास १.६० ह्या दराने बांधलेला आहे. तेथे ही चिंता जवळजवळ नाही. श्रीलंकेची गोष्ट वेगळी. मे २०२१ मध्ये तेथील सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी घातली, शेतीचे उत्पन्न घसरले, परकीय गंगाजळी आटत गेली आणि १२ एप्रिल २०२२ रोजी त्या देशाने परकीय कर्जाची फेड स्थगित केली. इंधनाअभावी वाहतूक व कारखाने खोळंबले. गंगाजळी आटत असल्याची आकडेवारी मात्र पुष्कळ आधीपासून प्रसिद्ध होत होती. चलनाचे संकट क्वचितच अकस्मात येते. पाहणाऱ्याला ते दुरून दिसते.

तिसरा प्रश्न वाटेचा. माल समुद्रमार्गे येतो की जमिनीवरून? एक वाट बंद पडल्यास दुसरी आहे काय? मणिपूरमधील मोरेह व पलीकडील तामू ह्यांच्यामधून १९९५ पासून सीमाव्यापार सुरू होता. मार्च २०२० मध्ये साथीमुळे नाका बंद झाला, पुढे म्यानमारमध्ये संघर्ष पेटला आणि मे २०२३ पासून मणिपूरमध्येच अशांतता माजली. अडथळा सीमेच्या दोन्ही बाजूंना उद्भवू शकतो, हे ह्यावरून दिसते. समुद्राची वाट लांबची असली तरी उडदाच्या बाबतीत तीच अधिक भरवशाची ठरली.

चौथा प्रश्न निसर्गाचा व हंगामाचा. पूर, भूकंप, दरडी, अवर्षण ह्यांचा संभव किती? आणि अडथळा कोणत्या महिन्यात आल्यास आपणांस अधिक जाचेल? आपला खरीप उडीद सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो. त्यामुळे ऑक्टोबरातील अडथळा सोसता येतो. जुलै-ऑगस्टमधील अडथळा सोसत नाही.

पाचवा प्रश्न अवलंबनाचा, आणि तो आपल्याविषयीचा आहे. आपल्या गरजेचा किती भाग एकाच देशातून येतो? २०२० च्या आरंभी चीनमध्ये साथ पसरली व कारखाने थांबले, तेव्हा भारतातील औषध उत्पादकांची चिंता वाढली ती ह्याच कारणाने. त्या वर्षी ३ मार्चला भारत सरकारनेच पॅरासिटामॉलसह २६ औषधद्रव्ये व औषधे ह्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले.

प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच असे गुण द्यावेत. एक म्हणजे निर्धोक, पाच म्हणजे अतिशय धोक्याचे. परंतु ह्या गुणांची सरासरी काढण्याचा मोह टाळावा. समजा, एखाद्या देशाला राज्यव्यवस्थेसाठी एक, चलनासाठी एक, पण डोंगरातील एकमेव रस्त्यासाठी पाच गुण मिळाले. सरासरी चांगली दिसेल, पण दरड कोसळली की माल यायचा थांबेल. साखळी तुटते ती सर्वांत कमकुवत कडीपाशी. म्हणून ज्या प्रश्नाला सर्वाधिक गुण मिळतील, त्यावरच तयारी केंद्रित करावी.

आदेश आपल्याही सरकारचे असतात

देशजोखीम म्हणजे परक्या देशातील गडबड, एवढाच अर्थ घेतल्यास निम्मा विषय सुटून जातो. माल दोन सरकारांच्या कायद्यांखालून येतो आणि त्यांपैकी कोणाचाही आदेश त्याची वाट बदलू शकतो.

अटारीच्या नाक्यावरील प्रकरण ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे हल्ला झाला. १६ फेब्रुवारीला भारत सरकारने पाकिस्तानातून येणाऱ्या सर्व मालावरील सीमाशुल्क २०० टक्के केले. ही अधिसूचना संगणकावर प्रसिद्ध झाली ती रात्री ८ वाजून ४६ मिनिटे ५८ सेकंदांनी. त्याच दिवशी, परंतु त्यापूर्वी, काही आयातदारांचा माल नाक्यावर पोचला होता व त्याची 'बिल ऑफ एंट्री' ही कागदपत्रेही दाखल झाली होती. सीमाशुल्क खात्याने त्यांच्याकडेही वाढीव दराने शुल्क मागितले. वाद उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २३ सप्टेंबर २०२० रोजी निकाल लागला, की अधिसूचना प्रसिद्ध होण्याच्या क्षणापूर्वी कागदपत्रे दाखल झालेल्या मालाला वाढीव शुल्क लागू होत नाही. आयातदारांना न्याय मिळाला. पण तो १९ महिन्यांनी. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने व्यापार स्थगित केला, आणि २ मे २०२५ रोजी भारताने तेथील सर्व आयात बंद केली.

कडधान्यांच्या बाबतीतही हेच दिसते. २०१५ मध्ये तूरडाळीचा किरकोळ भाव किलोला २०० रुपयांच्या आसपास पोचला होता. २०१६-१७ च्या हंगामात देशात तुरीचे विक्रमी पीक आले आणि भाव हमीभावाखाली गेले. कलबुर्गी व मराठवाड्यातील शेतकऱ्यांना वाचविण्यासाठी ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने वर्षाला दोन लाख टन तूर आणि तीन लाख टन उडीद-मूग अशी आयातीची मर्यादा घातली. आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हा आवश्यक उपाय होता. ब्रह्मदेशातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो एका रात्रीत कोसळलेला बाजार होता. मे २०२१ मध्ये, भाव चढू लागल्यावर, ही आयात पुन्हा खुली करण्यात आली.

कांद्याची गोष्ट तर आपल्या परिचयाची आहे. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० व डिसेंबर २०२३ अशी तीन वेळा भारताने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यातील उत्पादकाची झालेली कोंडी आपण जाणतो. बांगलादेशातील खरेदीदाराने त्याच घटनेतून निराळा धडा घेतला. भारत हा जवळचा व स्वस्त पुरवठादार खरा, पण केवळ त्याच्यावर विसंबता येत नाही, म्हणून त्याने अन्य देशांतील बाजार शोधले. आपण शेजाऱ्याला जसे तोलतो तसा शेजारीही आपल्याला तोलत असतो. ह्या विषयाकडे न्यायबुद्धीने पाहण्यासाठी हे भान आवश्यक आहे.

जोखमीचा हिशेब

आता एक काल्पनिक हिशेब मांडू. एका पापड उत्पादक संस्थेला रोज दोन क्विंटल उडीदडाळ लागते. संस्थेत ५० स्त्रिया काम करतात व प्रत्येकीला दिवसाला ३०० रुपये मिळतात. संस्थेकडे १५ दिवसांचा, म्हणजे ३० क्विंटलचा साठा असतो. बाहेरचा माल अचानक थांबल्यास आंध्र प्रदेश किंवा मध्य प्रदेशातून माल ठरवून, प्रत तपासून आणावयास २५ दिवस लागतात. म्हणजे १० दिवस काम बंद. ह्या १० दिवसांत स्त्रियांची बुडणारी मजुरी ५० गुणिले ३०० गुणिले १०, म्हणजे १,५०,००० रुपये.

ही तूट भरण्यासाठी २० क्विंटल जादा साठा ठेवावा लागेल. क्विंटलला १०,००० रुपये धरल्यास त्यात दोन लाख रुपये अडकतील. दरसाल १२ टक्के व्याजाने त्याचा खर्च २४,००० रुपये. असा अडथळा पाच वर्षांतून एकदा येत असेल, तर पाच वर्षांचे व्याज १,२०,००० रुपये व वाचलेले नुकसान १,५०,००० रुपये. साठा करणे फायद्याचे. दहा वर्षांतून एकदाच येत असेल, तर व्याज २,४०,००० रुपये होईल आणि हिशेब उलटा बसेल. त्या स्थितीत साठा वाढविण्याऐवजी पर्यायी व्यापाऱ्याशी आधीच बोलणी करून २५ दिवसांचे १५ दिवस करणे अधिक शहाणपणाचे.

म्हणजे मोजावयाच्या गोष्टी तीनच आहेत : अडथळा किती वर्षांतून एकदा येतो, पर्यायी माल येईपर्यंत किती दिवस जातात, आणि त्या दिवसांची हानी कोणाला सोसावी लागते. तिसऱ्या गोष्टीकडे हिशेबात हमखास दुर्लक्ष होते. संस्थेच्या ताळेबंदात बंद पडलेले दहा दिवस 'कच्चा माल उशिरा' एवढ्याच शब्दांत येतात. मजुरीवर चालणाऱ्या घरात ते दहा दिवसांची चूल म्हणून येतात.

व्यवहारातील सूचना

१. माल कोणत्या देशाचा, हे चेन्नई किंवा मुंबईच्या व्यापाऱ्यास स्पष्ट विचारून नोंदवहीत लिहावे. दोन व्यापारी, पण माल एकाच देशाचा, असे असेल तर तो एकच आधार समजावा.

२. गरजेचा काही भाग, भाव किंचित अधिक पडला तरी, दुसऱ्या ठिकाणाहून नियमितपणे घ्यावा. संकटकाळी नवी ओळख होत नाही. पर्यायी देशालाही हेच पाच प्रश्न विचारावेत. मोझांबिकमधील तुरीचा आधार भारताने २०१६ च्या करारापासून धरला होता. पण २०२३ च्या अखेरीस न्यायालयीन वादामुळे तेथील नाकाला बंदरात माल अडकून पडला.

३. प्रत्यक्ष आयात करणाऱ्याने मोठी आगाऊ रक्कम देण्याचे टाळून बँकेच्या पतपत्राने व्यवहार करावा. सरकारी आदेशाने माल अडल्यास किंवा शुल्क वाढल्यास भार कोणी सोसावयाचा, हे करारात लिहून घ्यावे.

४. परदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनांवर नजर ठेवावी. १९५७ मध्ये स्थापन झालेले निर्यात पतहमी महामंडळ देशांची जोखमीनुसार वर्गवारी करते. ती निर्यातदारांसाठी असली तरी खरेदीदारालाही तिचा उपयोग होतो.

५. जादा साठा जुना माल आधी ह्या क्रमाने वापरावा. कडधान्याला कीड लागते. कोठारात सडलेला साठा संकटात उपयोगी पडत नाही.

६. देशांची ही पारख वर्षातून दोनदा, सुगीपूर्वी व पावसाळ्यापूर्वी, पुन्हा करावी.

शेजाऱ्याशी व्यापार तोडणे हा जोखमीवरचा उपाय नव्हे. जवळचा माल स्वस्त पडतो आणि दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची घरे त्यावर चालतात. शेजारी निवडता येत नाही; पण त्याच्या घरी अडचण आली असता आपल्या घरी किती दिवसांचे धान्य आहे, हे आधी पाहून ठेवणे आपल्या हाती असते.

विचारार्थ प्रश्न

१. तुमच्या गावातील दुकानात मिळणाऱ्या कोणत्या पाच वस्तू परदेशातून येतात, ह्याची चौकशी करून यादी करा.

२. त्यांपैकी एक वस्तू निवडून ती ज्या देशातून येते त्या देशाला वरील पाच प्रश्नांनुसार गुण द्या. सर्वाधिक गुण कोणत्या प्रश्नाला मिळाले व का?

३. वरील हिशेबात अडथळा आठ वर्षांतून एकदा येतो असे धरल्यास संस्थेने कोणता मार्ग स्वीकारावा?